जांभळ्यात राहिलेला हात

दिवा लावू नका. पडदाही आहे तसाच असू द्या. मी एक चादर बोलतेय आणि मला उजेडाची भीती वाटते. का वाटते ते सांगते, पण जरा सांभाळून ऐका. मी मुळातच भित्री. दार आपटलं तरी माझ्या अंगावर चुण्या उठतात.

जन्मतानाही मी घाबरलेच होते. मागावर धोटा उजवीकडून डावीकडे धावायचा आणि दर फेरीला मला वाटायचं, आता हा माझ्या आरपार जाणार! तसा तो जातच होता. त्यालाच विणणं म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी अगदी साधी होते. पांढरी, सुती, दोघांच्या पलंगाची. मला विकत घेतलं ते एका रंगकामगार बाईनं, लग्नानंतर लगेच. दुकानदारानं तिची निळी नखं पाहिली आणि म्हणाला, "ताई, पांढरी नका घेऊ. डाग दिसतील."

"दिसू देत," ती म्हणाली. "घरात एक तरी वस्तू बिनरंगाची असू दे."

नवराबायको दोघंही एकाच रंगकारखान्यात होते. ती हौदावर. उकळत्या रंगातून काढलेल्या सुताच्या लडी धुवायच्या, पिळायच्या, दांडीवर टाकायच्या. रबरी हातमोजे मिळाले होते, पण हातमोज्यातून ओली लड निसटते आणि निसटलेली लड गुंतते. म्हणून सगळ्याच बायका हातमोजे कमरेला खोचून ठेवायच्या. तो रंगमास्तर. काचेच्या लहान खोलीत बसून गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी सुताचा रंग जुळवायचा. त्याची बोटं स्वच्छ असायची. तिची कधी निळी, कधी लाल, कधी कशाचीच नाहीत अशी.

मग तिच्या हातांना भेगा पडल्या. आधी बोटांच्या पेरांत, मग तळव्यांवर, मग थेट कोपरापर्यंत. डॉक्टरांनी एक पांढरं मलम दिलं. त्यात चांदीचा अंश होता म्हणे. झोपायच्या आधी ती पलंगाच्या कडेला बसून ते चोळायची. वास जुन्या नाण्यासारखा, जरासा कडवट. माझ्या धाग्याधाग्यात तो उतरला. मला आवडायचा.

त्याला नाही आवडायचा.

"तुझं मलम तुझ्या बाजूला हं," तो म्हणायचा.

"म्हणजे मी काय चादरीवर कुंपण घालू?"

"अगं, बोटाला लागलं की उद्या नमुन्याच्या सुताला लागतं. मलम लागलं तिथं रंग धरत नाही. परवा साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, मास्तर, हा पांढरा ठिपका कसला?"

"सांगायचं ना, बायकोचा आहे म्हणून."

दोघंही हसले. मीही हसले असते. पण तेव्हापासून तो कडेला सरकून, तिच्याकडे पाठ करून झोपू लागला. माणसं एकमेकांवर रागावली की बोलतात तरी. सवय लागली की काहीच बोलत नाहीत. माझ्यावर दोन खळगे पडले, एक तिचा आणि एक त्याचा, आणि मधे एक पट्टा कोराच राहिला.

पुढं ती आजारी पडली. उठेना, कूस बदलेना. "तुला नीट झोप लागू दे," असं म्हणून तो बाहेरच्या खोलीत निजू लागला. खरंच तिच्यासाठी की वासासाठी, ते मी कशी सांगू? पण त्यानंतर, उजवा पोटावर ठेवून, तिचा मलम चोळलेला डावा हात त्याच्या बाजूला येऊ लागला. आधी बोटं आली, मग तळवा, मग कोपरापर्यंतचा हात. रोज थोडा पुढं. तिथं कुणी नाही हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती शोधत नसावी. जागा ऊबदार ठेवत असावी, असं मला वाटतं.

एका सकाळी तो हात तिथंच राहिला.

लोक येऊन गेले. त्यानं मला पलंगावरून काढलं, मधोमध घडी घातली, आणि न धुता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं.

ट्रंकेत अंधार असतो, आणि अंधारात आठवणींना अवयव फुटतात. माझ्या अंगावर तो हात तसाच होता. वजन नव्हतं, पण होता. मधूनच ट्रंकेची बिजागरी कुरकुरायची, मी दचकायचे, आणि झाकण उघडून त्याचा चेहरा खाली यायचा. तो एक मोठा श्वास घ्यायचा. मग झाकण बंद. ज्या वासाला तो पाठ करून झोपायचा, तोच वास आता घरात एकटा असताना चोरून घ्यायला यायचा.

त्यांना एक मुलगी होती. घरात तिला खार म्हणायचे, कारण ती कधी स्वस्थ बसायची नाही आणि शिंकेलाही दचकायची. (आमचं दोघींचं तिथंच जुळत असे.) कॉलेजात ती सूक्ष्म जिवांचं शास्त्र शिकली आणि एका प्रयोगशाळेत लागली. तिथं ती एका जातीचे जिवाणू वाढवत होती. हे जिवाणू मातीत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वाढता वाढता स्वतःच्या अंगात जांभळा रंग तयार करतात. ते कापडावरच वाढवले तर कापड रंगतं. उकळते हौद नकोत, तिखट वाफ नको, कुणाच्या हाताला भेगा नकोत. आईच्या हातांचं तिच्या मनात इतकं बसलं होतं की तिला दुसरं काही सुचायचंच नाही.

बाप मात्र थट्टा करायचा. "काय गं खारू, तुझे किडे काय म्हणतात?"

"किडे नाहीत हो बाबा. जिवाणू."

"तेच ते. आम्ही रंग शिजवायचो, तुम्ही पाळता."

प्रयोगशाळा त्यानं कधी पाहिली नव्हती. बघायला यावंसंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

आता एका गिरणीचे साहेब ते काम पाहायला यायचे होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, "हातरुमालाएवढा तुकडा कुणीही रंगवतं. मोठं कापड दाखवा, एकसारखं, एकही डाग नसलेलं." ते जमलं नाही तर खारीचं टेबल दुसऱ्या कामाला द्यायचं, असं वरून ठरलं होतं. म्हणजे काम बंदच.

आणि नेमकं ते जमत नव्हतं. नव्या कापडाला खळ असते, वर कसले कसले थर असतात. कितीही धुतलं तरी जिवाणू कुठं धरायचे, कुठं नाही. खारीची मैत्रीण तिच्याच टेबलावर काम करायची, तिला सगळे काडी म्हणायचे. ती ट्रेमध्ये वाकून म्हणाली, "अगं, याला तर गजकर्ण झालंय!"

"हसू नकोस गं. मला रडू येतंय."

"मग रडून झाल्यावर घरून एखादं जुनं कापड आण. धुऊन धुऊन जीव गेलेलं."

अशी माझी निवड झाली. बाप फिरायला गेला होता. खारीनं ट्रंक उघडली, बिजागरी कुरकुरली, आम्ही दोघीही दचकलो. मी आईची, हे तिला ठाऊक होतं. मी न धुता ठेवलेली आहे, आणि का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, पडून पडून कुबट वास लागलाय.

तिनं मला गरम पाण्यात बुडवलं, साबण लावला, उकळलं, पिळलं. आणखी एकदा. वास गेला. तो पाण्याबरोबर मोरीत उतरताना मला कळत होता, आणि मला तोंड नव्हतं.

प्रयोगशाळेत त्यांनी मला एका जाड भांड्यात कोंडून वाफ दिली, म्हणजे परके जंतू मरावेत. झाकणातून शिट्टीसारखी वाफ सुटली तेव्हा खार दोन पावलं मागं सरली. मग मला मोठ्या ट्रेमध्ये पसरून खाऊचं पाणी ओतलं, त्यात जिवाणू पेरले आणि ऊबदार कपाटात ठेवून दिलं.

कारखान्याचे हौद मला खारीच्या आईच्या हातांवरून माहीत होते. हे तसं नव्हतं. हे असं होतं की कुणी तरी अगदी जवळ येऊन अंगावर हलकेच श्वास सोडतंय. मग आणखी कुणी, मग असंख्य. ते धाग्यांवर चढले, खाऊ लागले, वाढू लागले. त्यांना भूक होती, आणि भुकेबरोबर रंग होता. मी जांभळी होत गेले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या काळात माझ्यावर कुणी जिवंत असं झोपलं नव्हतं.

पण एका जागेच्या कडेशी येऊन ते थांबायचे. पुढं सरकले की मरायचे. मागचे यायचे, तेही थांबायचे. ती जागा कुठली, हे माझ्याशिवाय तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

खारीनं झाकण उचललं आणि किंचाळली. काडी धावत आली.

"काय गं? झुरळ?"

"हात."

"कुठं भाजलं का?"

"माझा नाही. तिथं बघ."

काडीनं पाहिलं. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक विनोद असतो, पण या वेळी तिनं नुसताच ट्रे उजेडाकडे वळवला. सगळ्या जांभळ्यात कोपरापासून पुढचा एक हात पांढरा होता. बोटं पसरलेली. अंगठा किंचित वाकलेला, जसा तिचा वाकायचा.

काडी हळूच म्हणाली, "कसलं तरी औषध आहे धाग्यात. जिवाणू तिथं जगत नाहीयेत. तुझी आई मलम लावायची म्हणालीस ना? त्यात चांदी असेल. तेल धुऊन गेलं, चांदी बसली."

"मग आता?"

"चांदी काढता येते. आपल्याकडे द्रावण आहे. त्यात भिजवू, धुऊ, पुन्हा पेरू. साहेब परवा येतायत, तोवर होईल. कापड एकसारखं मिळेल."

"आणि हात?"

काडीनं खांदे उडवले. "हात जाईल."

खार माझ्यावर वाकली. मग म्हणाली, "बाबांना विचारते."

"आता विचारतेस? आणताना विचारलं होतंस?"

तिनं फोन लावला. एवढंच म्हणाली, "बाबा, आईची चादर मी आणली आहे. तुम्ही इकडे या."

तो आला. धापा टाकत आला. दारात चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना. तो तिथंच उभा राहिला आणि त्यानं विचारलं ते एवढंच, "धुतलीस?"

"हो बाबा. चांगली उकळून..."

तो जवळच्या स्टुलावर बसला. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर तसेच उताणे पडून राहिले. खारीला काही उलगडेना. "काय झालं? अहो बाबा, रागावलात का? जुनीच होती ना?"

"वास होता गं तिला," तो म्हणाला. "तेवढाच राहिला होता."

खार पुढं होऊन त्याच्या पायाशी बसली. "मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसं माहीत असणार? मी कुठं कुणाला सांगितलं होतं?"

काडीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग खार उठली आणि म्हणाली, "बाबा, पण इकडे बघा. एकदा बघा तरी."

तो ट्रेपाशी आला. बघितलं, आणि त्याचा हात आपोआप पुढं गेला. खारीनं तो वरच्यावर धरला. "हात लावू नका! अजून जिवंत आहेत."

"कोण?" तो इतक्या पटकन म्हणाला की मीसुद्धा शहारले.

"जिवाणू, बाबा."

"हां," तो म्हणाला. "जिवाणू."

माझ्या पायथ्याच्या कोपऱ्यावर त्याच्या बायकोनं घातलेला लाल दोऱ्याचा टाका आहे. त्यावरून त्यानं उशीची बाजू ओळखली. ट्रंकेत पडलेली मधली घडी अजून माझ्यावर उमटून होती. तिच्यावरून तो डोळ्यांनी चालत गेला. अलीकडे तिची बाजू, पलीकडे त्याची. पांढरा हात घडी ओलांडून गेला होता. नुसती बोटं नाही, मनगटही नाही, अख्खा हात.

"ही तर माझी बाजू," तो म्हणाला. "हात इथं कसा?"

खारीनं काडीकडे पाहिलं.

"मी तर बाहेरच्या खोलीत होतो," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर पडलं.

त्यांनी मला पुन्हा वाफ दिली. या वेळी माझ्यावरचे सगळे जिवाणू मारायला. ते एका श्वासात गेले, रंग मात्र मागं राहिला. कुणी गेल्यावर मागं काय राहतं, ते मला तेव्हापासून नीट समजलंय. माझ्या अंगावर जे जांभळं दिसतं, तीही मेलेल्यांचीच आठवण आहे. स्वच्छ धुऊन, सावलीत वाळवून मला टेबलावर पसरलं, तेव्हा तो अजून तिथंच बसलेला होता.

काडी चाचरत म्हणाली, "काका, हे मिटवलं नाही तर परवा दाखवायला काही नाही. नवं कापड तर धरतच नाही रंग."

"काय करावं लागतं मिटवायला?"

"एका द्रावणात भिजवायचं. मग तिथंही रंग धरेल."

"जन्मभर तिचे हात रंगात होते," तो म्हणाला. "या एवढ्या जागी तिला रंग लागलेला नाही. तिथं तुम्ही रंग घालणार?"

खारीला हुंदका आला. "बाबा, पण हे काम तिच्यासाठीच करतेय ना मी! टेबल गेलं तर सगळं गेलं."

"नाही जाणार. कात्री आण."

कात्री! माझे धागे ताठ झाले. काडीनं आणली, लांब पात्यांची. त्यानं खारीच्या हातात ती दिली आणि स्वतःचा अंगठा माझ्यावर ठेवला, पांढऱ्या बोटांच्या टोकांच्या पलीकडे.

"इथून."

"बाबा, एवढ्या कडेला? जरा अलीकडून कापू. बोटांची टोकं जरा..."

"अजून पलीकडून घे."

"मग उरणार काय?"

"उरेल ते माझं. मी झोपायचो ती कड. तिथं मलम कधी लागू दिलं नाही मी, बघ किती एकसारखी रंगली आहे." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "माझी बाजू ने. तिची राहू दे."

पात्यांचा आवाज मी अजून विसरले नाही. कर्र, कर्र, असा थेट अंगातून. पण कात्री तिच्या बोटांच्या पलीकडून गेली. मी मोजून बघितलं, एकाही बोटाला लागली नाही.

ती पट्टी जेमतेम हातभर रुंद होती. काडीनं ती ताग्यासारखी गुंडाळली. "रुंदी नाही तर नाही, लांबी दाखवू. साहेबांपुढे झर्रकन उलगडायची."

परवाच्या दिवशी मी कपाटात घडी होऊन पडले होते, पण ती पट्टी माझीच. तिच्यावर काय होतंय ते मला कळत होतं. साहेबांनी ती उलगडली, उलटसुलट केली. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासली. रुमाल पांढराच राहिला.

"छान. कुठंच डाग नाही," ते म्हणाले. "आणि उन्हाचं काय?"

काडीनं खारीचा पाय टेबलाखाली दाबला. पण खार आईसारखी. "उन्हात उडतो," ती म्हणाली. "अजून पक्का झालेला नाही. त्यावरच काम करायचंय."

साहेबांनी पट्टी पुन्हा गुंडाळली. "खरं बोललात ते बरं केलंत. घासून जात नाही, हेही काही कमी नाही. ही पट्टी मी नेतो. तुम्ही उन्हाचं बघा. पक्का झाला की पुढचं बोलू."

टेबल वाचलं. काडीनं खारीला इतक्या जोरात मिठी मारली की कपाटाचं दार थडथडलं, आणि आत मी दचकले.

आता मी घरी आहे, पुन्हा त्याच पलंगावर. माझी एक बाजू कापलेली, त्यामुळे त्या कडेला गादी उघडी पडते. तिथं झोपला तर त्याला गादी टोचते, म्हणून तो मधे सरकतो. झोपण्याआधी आपला हात त्या पांढऱ्या हातावर ठेवतो. त्याचा पंजा मोठा आहे, तिची बोटं त्याच्याखाली पार दिसेनाशी होतात. मला विचारू नका, की त्या जागी मला कधी कधी दोन हातांचं वजन का जाणवतं.

पण हा रंग उन्हात उडतो, हे खार मला घरी आणतानाच त्याला सांगून बसली होती, आणि तेव्हापासून या खोलीचा पडदा उघडलेला नाही. गिरणीच्या खिडकीत माझी पट्टी उन्हाच्या परीक्षेसाठी टांगली आहे, अर्धी पुठ्ठ्यानं झाकलेली, अर्धी उन्हात. उन्हातला अर्धा भाग फिका पडतोय, हे मला इथं कळतं. आणि इथं, पडद्याच्या फटीतून जी एक बारीक तिरीप माझ्यावर पडते, तिच्या वाटेवरही मी राखाडी होऊ लागले आहे.

तिचा हात दिसतो तो पांढरा आहे म्हणून नव्हे. भोवती जांभळं आहे म्हणून दिसतो. ज्या दिवशी मी सगळी पांढरी होईन, त्या दिवशी हात जाणार नाही. तो इथंच असेल, फक्त कुठला तो आणि कुठली मी, हे कुणाला सांगता येणार नाही.

जो बाप तिच्या किड्यांची थट्टा करायचा, तो आता खार घरात पाऊल टाकायच्या आत विचारतो, "काय गं खारू, झाला का रंग पक्का?"

"नाही हो बाबा. अजून थोडा उडतोच."

"बरं," तो म्हणतो. "पण कर हं लवकर."

आणि पडद्याची कड पुन्हा एकदा खिळ्याला नीट अडकवून ठेवतो.

झालं माझं सांगून. तुम्ही बसलात, ऐकलंत, बरं वाटलं. आता उठाल तेव्हा दार सावकाश ओढा, मी दचकते. आणि पडद्याला हात लावू नका. तिची बोटं अजून मोजता येतात.